कासच्या काकांना आणि शिट्टीवाल्या ताईंना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात. पत्र मात्र जाहीर लिहितेय. आभार एकट्या तुमचे मानून भागणार नाही. कास, एकीव, आटाळी, कासाणी आणि आसपासच्या गावांतली जी माणसं भर पावसात कासच्या पठारावर फुलं राखत दिवसभर उभी असतात, त्या सगळ्यांपर्यंत ते पोचायला हवेत.

मी कराडकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन कासला येणं आता आमच्या शाळेचा रिवाजच झालाय. कीटकभक्षी वनस्पती म्हटलं की बहुतेक पुस्तकांत घटपर्णीचं चित्र असतं. ती आपल्या देशात उगवते मेघालयाकडं. मुलं तिचं नाव पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. तुम्ही त्यांना पायवाटेवर उकिडवं बसवलंत आणि 'सीतेची आसवं' या कीटकभक्षी रोपाचं निळं-जांभळं इवलं फूल दाखवलंत. मग म्हणालात, "फूल राहू दे, खाली बघा." पावसानं उघड्या पडलेल्या एका रोपाच्या बारीक धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या होत्या. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला, की डोळा लवायच्या आत ती त्याला ओढून घेते. एका पोरानं विचारलं, "झाडाला हे खायची गरजच काय?" तुम्ही हातातली काठी जमिनीवर ठोकलीत. टणक आवाज आला. खाली जांभा, वर कशीबशी बोट-दोन बोटं माती, आणि त्या मातीतलंही सत्त्व पाऊस धुऊन नेतो. "इथं खायला काय हाय? मग शिकार करतंय बापडं." एवढ्या एका वाक्यात माझे दोन तास वाचले.

पण माझ्यासाठी त्या दिवशीचं मोठं शिक्षण पुढंच होतं. पठाराला मध्यंतरी तारेचं कुंपण घातलं होतं, तो विषय निघाला. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यात आपल्या राज्यातली कोयना, चांदोली, राधानगरी आणि कास ही चार होती. त्यानंतर गर्दी इतकी वाढली, की कुणालाही वाटावं, बंदोबस्त हवाच. तुम्ही मात्र गुरांबद्दल बोलत राहिलात. पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं-म्हसरं या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चरली. त्यांनी उंच गवत खाऊन टाकलं, म्हणून गेंद आणि कवल्यासारख्या बोटभर उंचीच्या फुलझाडांना ऊन मिळालं. खुरांनी माती हलली, शेणानं थोडं खत झालं. चराई थांबली की गवत माजतं आणि फूल गुदमरतं, हे तुम्ही कुठं वाचलेलं नव्हतं, गुरं राखताना पाहिलेलं होतं. पुढं अभ्यासकांतही याची चर्चा झाली आणि ती जाळी अखेर निघाली. माणूस आणि गुरं बाहेर काढली की निसर्ग आपोआप जपला जातो, असं शहरात बसून ठरवणं सोपं असतं. कास ज्या रूपात आपल्याला आवडतं, त्या रूपात तुमच्या गुरांचाही वाटा आहे, आणि ही गोष्ट प्रत्येक माहितीफलकावर लिहायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता शिट्टीवाल्या ताईंबद्दल. ताई, तुम्हाला दिवसातून किती वेळा "फुलं कुठायत?" हा प्रश्न ऐकावा लागतो, देव जाणे! मोबाईलवर रंगवलेला गालिचा पाहून लोक येतात आणि नखाएवढी फुलं बघून खट्टू होतात. गालिचा असतोही, पण आपल्या मर्जीनं. कधी गेंदाचा पांढरा, कधी तेरड्याचा गुलाबी, कधी सोनकीचा पिवळा. टोपली कारवी तर सात वर्षांनी सामुदायिक बहरते. हे सगळं तुम्ही न चिडता समजावता. कुणी फोटोसाठी आत शिरलं, की आधी शिट्टी आणि मगच शब्द. आमच्या मुली परतीच्या एसटीत तुमची नक्कल करत होत्या. कौतुकानंच, बरं का.

हे काम किती कष्टाचं आहे, ते बघणाऱ्याला कळत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवरचा वारा, अंगाला चिकटलेला रेनकोट, पायांत चिखल. तिकिटाच्या पैशातून वन व्यवस्थापन समिती तुम्हाला मजुरी देते, पण हंगाम संपला की पुढं काय? जावळी-साताऱ्याच्या डोंगरातली कितीतरी घरं मुंबईच्या माथाडी कामावर चालली. फुलांच्या या दोन महिन्यांमुळं काही तरुण गावात थांबू लागलेत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमच्या आवाजात अभिमान होता. पाठोपाठ भातात शिरणाऱ्या रानडुकरांची तक्रारही होती. दोन्ही खरंच आहे. सातारा शहर ज्या कास तलावाचं पाणी पितं, तोही तुमच्याच शिवारात. साताऱ्याकडून येताना रस्त्याकडेला वाढलेली हॉटेलं पाहिली की वाटतं, या पठाराच्या नावावर कमावणारे पुष्कळ आहेत, त्याची राखण करणारे मात्र मोजकेच.

म्हणून मनापासून आभार. आमच्या मुलांना गर्दीत हाकलून न देता वेळ दिलात, त्याबद्दल. कुणाच्या हातात तोडलेलं फूल दिसलं तर तुम्ही जी कडक नजर टाकता, तिच्याबद्दलही.

एक काम आहे. मुलांनी तुम्ही सांगितलेल्या गावठी नावांची वही केली आहे. चवर, वायतुरा, आभाळी अशी नावं आहेत, शेजारी चित्रंही काढली आहेत. काही नावांवर वर्गात भांडणं झाली आहेत. वहीची एक प्रत समितीच्या पत्त्यावर पाठवतेय. चुकलेल्या नावांवर लाल पेनानं सरळ काट मारा, भीड धरू नका. यंदा शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी येऊ, बुकिंग आधीच करू. तुमच्या ड्यूटीचा वार तेवढा कळवा.

आपली,
नववीच्या वर्गाची बाई