शिक्षणमंत्री महोदय, वर्षभराचा शब्द दिवाळीतच का मोडला?

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुटल्यावर चालणारा आमचा गणित-विज्ञानाचा वर्ग दिवाळीच्या सुट्टीनंतर बंद पडला. ‘प्रकल्प कालावधी संपुष्टात आल्याने साहित्य जमा करावे’ एवढंच पत्र आलं, मागोमाग जीप आली आणि साहित्याची पेटी गेली. जूनमध्ये उद्घाटनाला व्यासपीठावरून वर्षभराचा शब्द दिला होता. आठवीच्या मुलांची एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा, तोंडावर आहे. तिच्या शालेय क्षमता चाचणीत ९० पैकी ५५ गुण विज्ञान आणि गणिताचे असतात. शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला १२,००० रुपये, बारावीपर्यंत. मजुराच्या घरात एवढ्या पैशावर मुलीचं शिक्षण चालू राहतं की सुटतं हे ठरतं.

मी निवृत्त शिक्षिका. हा वर्ग मी घेत होते. तिथे काय चालायचं ते सांगते, कारण पत्र काढणाऱ्यांपैकी कुणी तो बघायला आलं नव्हतं. सातवीतल्या एका मुलीने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. वरचे वर मिळवले, खालचे खाली. मी चूक म्हटलं नाही. कागदाची पट्टी दिली, सहा सारखे भाग पाडायला सांगितले. अर्ध्याचे तीन भाग रंगवले, एक तृतीयांशाचे दोन. सहातले पाच भरले. बराच वेळ पट्टीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, माझं उत्तर तर अर्ध्यापेक्षाही कमी आलं होतं!” हे तिचं तिला दिसलं. चाळीस मिनिटांच्या तासात, एकाच गुरुजींकडे दोन-तीन वर्ग असताना, हे कधी व्हायचं? भिंगातून खिडकीची उलटी प्रतिमा भिंतीवर उमटली तेव्हा पोरांनी खिडकीत उभं राहून हात हलवून पाहिले. ते भिंगही पेटीबरोबर गेलं.

मानधन एकदाही आलं नाही. झेरॉक्स, खडू, बल्ब सगळं माझ्या पेन्शनीतून. गुडघे दुखत असताना मी दारोदार जाऊन आयांना सांगितलं, पोरीला तासभर उशीर होऊ द्या, मी जबाबदार आहे. सरपणाला, धाकट्याला सांभाळायला घरी हवी असलेली पोर त्यांनी माझ्या भरवशावर पाठवली. आता त्या मला विचारतात, काय झालं? माझ्या तोंडून खोटं वदवलंत तुम्ही, महोदय. याची भरपाई कुठल्या लेखाशीर्षाखाली करणार?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहावी ते आठवीला विज्ञान-गणितासाठी किमान एक शिक्षक हवा, असं त्याच्या अनुसूचीत लिहिलंय. कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपू नका. मग आमचे गुरुजी दिवसभर मोबाइलवर कसली माहिती भरत असतात? ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या फक्त ४५.८ टक्के मुलांना भागाकार जमला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच ६ चा आकडा पुन्हा छापला. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत ५०,००० अटल टिंकरिंग लॅबची, म्हणजे मुलांनी हाताने प्रयोग करून शिकण्याच्या प्रयोगशाळांची, घोषणा झाली. जिथे एक भिंग वर्षभर टिकू दिलं जात नाही, तिथल्या आईबापांनी या घोषणेवर विश्वास कसा ठेवायचा?

शहरातलं मूल संध्याकाळी पैसे भरून क्लासला जातं. पुढे दोघांना एकाच सीईटीला बसवता आणि गुणवत्तेची भाषा करता. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं: महसूल रयतेच्या कष्टाचा, शिक्षणाचा फायदा मात्र वरच्यांना. तेव्हा सरकार परकं होतं. आज कुणाचं आहे?

‘प्रकल्प’ हा प्रकारच बंद करा. संध्याकाळचा वर्ग शाळेच्या नियमित तरतुदीत घाला, म्हणजे दरवर्षी कुणाच्या मर्जीवर राहणार नाही. शेवटची एसटी वर्ग सुटल्यावर सुटेल अशी करा, नाहीतर वाड्या-वस्त्यांवरच्या मुली येऊच शकत नाहीत. आणि ती पेटी या आठवड्यात परत पाठवा. मानधन मागाहून दिलंत तरी चालेल, परीक्षा मागाहून होणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका