घराचे छत आणि नगर निगमची परवानगी : मुलास पत्र

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मकरंद यास अनेक आशीर्वाद.

माजघरावरचे पटियांचे, म्हणजे दगडी फरशांचे, छत काढून पावसाळ्यापूर्वी स्लॅब टाकावा आणि कोणी हटकलेच तर ‘दुरुस्ती चालू आहे’ म्हणून सांगावे, ही तुझी सूचना मला मान्य नाही. कारणे पत्रातच लिहिते, कारण फोनवर तू पूर्ण ऐकून घेत नाहीस.

आपल्याच घराच्या छताला परवानगी कशाला, हा तुझा प्रश्न अर्धा बरोबर आहे. राष्ट्रीय भवन संहितेत परवानगी न लागणाऱ्या किरकोळ कामांच्या यादीत प्लास्टर, रंगकाम आणि फरशी बदलणे यांच्याबरोबर छप्पर नव्याने घालणेही आहे. मात्र इमारतीची मजबुती आणि अग्निसुरक्षा यांच्या नियमांना बाध येत नसेल, तेवढ्यापुरतीच ती सवलत आहे. न्हाणीघराकडच्या कोपऱ्यात दोन पटियांना तडा गेला असून फटीतून चुन्याची भुकटी जेवणाच्या ताटात पडते. त्या काढून त्याच गर्डरांवर नव्या बसवल्या, तर ती दुरुस्ती झाली. गर्डरांसकट सगळे उतरवून, सळ्या बांधून काँक्रीट ओतले, तर घराचा सांगाडाच बदलला, आणि त्यासाठी मध्य प्रदेश भूमी विकास नियम २०१२ प्रमाणे रीतसर नकाशा पास करून घेतला पाहिजे.

स्लॅबचे वजन जुन्या भिंतींना पेलणार नाही, असे गल्लीत सगळेच सांगतात. इंजिनिअरने मांडलेला हिशेब निराळा निघाला. चार इंची स्लॅब चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरतो. आपल्याकडे दर गळतीनंतर माती-चुन्याचा एकेक थर चढवत गेल्यामुळे पटियांवर सहा इंचांहून जाड भर साठली आहे, ती एकटीच तेवढी भरेल, पटियांचे वजन वेगळेच. इंजिनिअरना चिंता आहे ती पूर्वेच्या भिंतीची. ती शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि त्यांच्या छताच्या तुळयाही तिच्यातच रोवलेल्या आहेत. आपले छत एकदम उतरवले, तर त्या भिंतीचा आपल्या बाजूचा आधार सुटेल आणि धोका त्यांच्या घरालाही पोहोचेल. म्हणूनच नकाशाबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही हवी, हे मला पटले.

किल्ल्याची अडचण आपल्याला नाही. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. आपण त्याच्या पुष्कळ बाहेर आहोत, नाहीतर आणखी एका खात्याची परवानगी काढत बसावे लागले असते.

खरी अडचण घरातलीच आहे. रजिस्ट्री अजून तुझ्या आजोबांच्या नावावर आहे. संपत्तीकराच्या पावत्या मी नीट लावून ठेवल्या आहेत, परंतु पावती म्हणजे मालकी नव्हे. अर्ज आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन भरला जाईल, पण त्याआधी नामांतरण, म्हणजे नोंदीत मालकाचे नाव बदलणे, झाले पाहिजे आणि त्याला काकांची व आत्यांची संमती लागेल. परवानगीशिवाय टाकलेला स्लॅब उद्या घरावर कर्ज काढताना किंवा वाटणीच्या वेळी आपल्यालाच नडेल, आणि तेव्हा ‘दुरुस्ती’ म्हटल्याने कोणाचे समाधान होणार नाही.

तेव्हा यंदा तडकलेल्या पटिया बदलून वरची जुनी भर उतरवून घेते. स्लॅबचे काम दिवाळीनंतर, नकाशा हाती आल्यावर पाहू. मिस्त्रीला तू परस्पर दिलेला होकार तूच मागे घे. काकांशी मी बोलते. आत्यांना मात्र तू स्वतः फोन कर, त्यांना तुझ्याकडून ऐकलेले जास्त रुचेल.

तुझी,
आई