पडलेला जंत फेकू नका

महोदय,

काटेरी डोक्याचे जंत माणसात क्वचितच सापडतात, हे खरे. पण त्यांतले किती ओळखलेच जात नसतील, ही शंका प्रयोगशाळेत शौचाचे नमुने तपासताना मला अनेकदा आली आहे.

या जंताला तोंड नसते, आतडे नसते. आकड्यांनी भरलेली सोंड आतड्यात रुतवून तो अंगानेच अन्न शोषून घेतो. उंदरांमधली मोनिलिफॉर्मिस ही जात झुरळांमार्फत पसरते. लेंड्यांतली अंडी झुरळ खाते, झुरळाला उंदीर खातो, आणि रांगत्या मुलाने तेच झुरळ तोंडात घातले की जंत माणसाच्या पोटात पोचतो. इराण, नायजेरिया, अमेरिका येथील नोंदींत तान्ही मुले वारंवार दिसतात, ती यामुळेच. डुकरांमधली मोठी जात भुंगेऱ्यांमार्फत येते. तिने आतड्याला भोक पाडल्याच्या नोंदी चीन व थायलंडमध्ये आहेत. सिसिलीचे संशोधक साल्वातोरे कालांद्रुच्चो यांनी तर १८८८ च्या सुमारास मोनिलिफॉर्मिसच्या अळ्या मुद्दाम गिळल्या, पोटदुखी आणि जुलाब सोसले आणि औषध घेतल्यावर पडलेले ५३ जंत मोजले. हे धाडस की वेडेपणा, ते वाचकांनी ठरवावे.

अडचण अशी, की माणसाच्या पोटात हे जंत पुष्कळदा पूर्ण वाढतच नाहीत, त्यामुळे शौचात अंडी दिसत नाहीत आणि अहवाल निर्दोष येतो. अशा वेळी पडलेला जंत हाच पुरावा असतो, आणि नेमका तोच संडासात वाहून जातो. एका आईने मुलाचा जंत काडेपेटीत घालून आणला होता. वाळून त्याची सुतळी झाली होती, सोंड आत ओढलेली, त्यामुळे जात सांगणे अशक्य. वरून मण्यांच्या माळेसारखा दिसणारा मोनिलिफॉर्मिस घाईत पट्टकृमी म्हणूनही खपून जातो.

शाळा-अंगणवाड्यांतून जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, ती मुख्यतः मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी, आणि ती द्यावीच. मात्र त्याच वेळी पालकांना एवढे सांगावे, की जंत पडला तर तो काडेपेटीत किंवा थेट स्पिरिटमध्ये न टाकता झाकणाच्या स्वच्छ बाटलीत साध्या थंड पाण्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावा. पाण्यात सोंड बाहेर येते आणि आकडे मोजून जात ओळखता येते.

एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे