चार वाजताच्या चहासाठी गोड टोस्ट सँडविच

सिडनी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आई मावशीकडे नाशिकला गेल्यापासून तुम्ही दुपारच्या चहाबरोबर नुसती बिस्किटे खाता, असे तिने फोनवर सांगितले, म्हणून हे पत्र मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. नारळाचे गोड टोस्ट सँडविच करायला फार वेळ लागत नाही आणि बाकीचे सामान आपल्या नौपाड्याच्या घरात असतेच; नारळ तेवढा जांभळी नाक्यावरून, कानाशी हलवून आतले पाणी वाजते ना हे पाहून आणावा.

सगळी चव सारणावर अवलंबून आहे. एक वाटी खवलेला ओला नारळ आणि अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ लहान कढईत मंद आचेवर एकत्र परतावा. आधी गूळ विरघळून मिश्रण सैल होते, मग पाणी आटत जाऊन ते कढईच्या कडा सोडू लागते. त्याच वेळी गॅस बंद करून वेलचीपूड आणि मिठाची कणी घालावी. जास्त परतले तर सारण गार झाल्यावर चिवट होते आणि कमी परतले तर गुळाचा पाक ब्रेडमध्ये मुरतो, म्हणून मोदकाच्या सारणापेक्षा हे थोडे कोरडेच ठेवावे, कारण उकडीला ओलावा सोसतो, ब्रेडला सोसत नाही. सारण कोमट झाल्याशिवाय भरू नये. उरलेले डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले की दुसऱ्या दिवशीचेही काम होते.

माळ्यावर लांब दांड्यांचा, गॅसवर धरायचा टोस्टर आहे, तो काढून घ्यावा. तशाच गोल टोस्टरला इथे जॅफल आयर्न म्हणतात. सिडनीच्याच बाँडाय भागातल्या डॉ. अर्नेस्ट स्मिदर्स यांनी १९४९ मध्ये त्याचे पेटंट घेतले होते. त्याच्या गोल कडा दोन्ही स्लाइस दाबून बंद करतात, त्यामुळे आतले गोड बाहेर येत नाही. आपला टोस्टर चौकोनी आहे, तेव्हा सारण कडेपासून अर्धा इंच आत ठेवावे, नाहीतर बाहेर आलेला गूळ पत्र्यावर करपून सगळ्याला कडवट वास लागतो.

ब्रेड आदल्या दिवशीचा असला तर मला जास्त आवडतो, तो दाबला तरी चिकट होत नाही. बाहेरून बटर न लावता आईने कढवलेले साजूक तूप लावावे, कारण बटरमधला दुधाचा अंश लवकर काळा पडतो, तर तुपातून तो बेरी होऊन आधीच निघून गेलेला असतो आणि ब्रेड सगळीकडून सारखा बदामी होतो. आच मंदच ठेवून दोन्ही बाजू साधारण दोन-दोन मिनिटे भाजाव्यात आणि मधे एकदा टोस्टर किंचित उघडून रंग पाहावा.

बाबा, एक मात्र कळकळीने सांगतो, सँडविच काढल्याबरोबर तोंडात घालू नका. वरचा ब्रेड गार लागला तरी आतला गूळ फार तापलेला असतो आणि जिभेला चिकटून चांगलाच चटका देतो, तेव्हा कापून चार-पाच मिनिटे ताटलीत राहू द्यावे. तेवढ्यात चहा होतो. त्यात साखर नेहमीपेक्षा कमी घालावी.

नारळ फोडण्याचा कंटाळा आला तर पिकलेल्या वेलची केळ्याच्या चकत्या आणि थोडी जायफळपूड एवढ्यावरही चांगले होते. टोस्टरला लागलेला गूळ खरवडू नये. टोस्टर गार झाल्यावर त्यात गरम पाणी घालून ठेवले की तो आपोआप सुटतो.

आपला आज्ञाधारक मुलगा