बेडूक गाडीच्या नव्या इंजिनासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुरुस्ती वर्गाला मिळालेल्या जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवायचं आहे, त्यासाठी हे आवाहन. पारावर रोज विचारला जाणारा प्रश्न आधी घेतो. "काहून बाप्पा, कापसाले भाव नाही, विहिरीले पाणी नाही, अन् तुमाले मोटार सुचून राह्यली?" प्रश्न रास्त आहे. समितीच्या बैठकीत आम्हीही तो दोन रविवार चघळला. अकरा जणांपैकी चौघे अजून विरोधातच आहेत. त्यातल्या दोघांनी तरीही पाचशे-पाचशे रुपयांची पावती फाडली.

आमचं वाचनालय दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. मागच्या टिनाच्या शेडमध्ये दर रविवारी दुरुस्ती वर्ग भरतो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री काका शिकवतात. चौदा पोट्टे आणि पाच पोरी शिकतात. मोनोब्लॉक पंप, मोपेड, कडबा कुट्टी, जे येईल ते खोलायचं. मागच्या खरिपात पंचक्रोशीतले फवारणी पंप याच लेकरांनी फुकट दुरुस्त करून दिले.

या शेडमध्ये आता एक माझदा आरएक्स-7 उभी आहे. गावचे एक गृहस्थ मस्कतला नोकरीला होते, परतताना त्यांनी ती सोबत आणली. ते गेल्यावर गाडी गोठ्यात कुटाराच्या ढिगाआड पडून राहिली, उंदरांनी अर्धं वायरिंग खाल्लं. दोन वर्षांपूर्वी घरच्यांनी ती वर्गाला देऊन टाकली. बटण दाबलं की बॉनेटमधून दिवे डोळे वटारल्यासारखे वर येतात, म्हणून लेकरांनी तिचं नाव बेडूक गाडी ठेवलं. सध्या एकच डोळा वर येतो.

खरी मौज तिच्या इंजिनात आहे. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही. भुईमुगाच्या शेंगेसारख्या, मधे किंचित आवळलेल्या पोकळीत फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर फिरतो. त्याचा एक फेरा पूर्ण होईस्तोवर शाफ्टचे तीन होतात. ही कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची, पण तिला चिकटून राहिली ती जपानची माझदा. 1967 मध्ये त्यांनी याच इंजिनाची कॉस्मो स्पोर्ट गाडी विकायला काढली, 1978 मध्ये आरएक्स-7 आणली आणि 1991 मध्ये चार रोटरच्या गाडीने फ्रान्समधली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. सुरुवातीला रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, थरथरून आतल्या भिंतीवर चरे पाडत. माझदाचे इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे.

आमच्या गाडीचं जुनं 12ए इंजिन उघडलं तेव्हा तेच दिसलं. भिंतीवर बोट फिरवलं तर नखाला ओरखडे लागत होते आणि एका रोटरची पट्टी टोकाशी तुटून गेलेली. ही अक्कल यायच्या आधी आम्ही सहा हजार रुपये घालवून बसलो होतो. नागपूरच्या एका गॅरेजने साधा कॉम्प्रेशन गेज लावला आणि "इंजिन ठणठणीत" म्हणून सांगितलं. साधा गेज फक्त सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो. या इंजिनात एका रोटरच्या तीन बाजू असतात आणि तिन्हींचा दाब वेगवेगळा बघावा लागतो. दोन बाजू मेलेल्या असल्या तरी तिसरी काटा वर नेते. हे मिस्त्री काकांच्या लक्षात आलं, पण पैसे गेल्यावर.

आता पुण्याकडच्या एका हौशी गृहस्थाकडे माझदाच्याच आरएक्स-8 गाडीचं रोटरवालं इंजिन आहे. 2003 साली आलेलं रेनेसिस जातीचं. वर्गासाठी म्हणून ते ऐंशी हजारांत द्यायला तयार आहेत. जुनं 1146 सीसीचं, हे 1308 सीसीचं. तरी जागेची अडचण होत नाही, कारण रोटरची जाडी 70 मिलिमीटरची 80 झाली एवढंच. दोन रोटर मिळून लांबी वीस मिलिमीटरने वाढते, म्हणजे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी. हे पट्टीने मोजल्यावर वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या देवळापर्यंत गेला.

पण आणलं आणि बसवलं, इतकं ते सोपं नाही. माउंटिंगच्या जागा जुळत नाहीत, ब्रॅकेट नव्याने करावे लागतील. जुन्या इंजिनात धूर बाहेर पडायचं तोंड रोटरभोवतीच्या भिंतीत होतं, नव्यात ते बाजूच्या प्लेटमध्ये आहे. म्हणून सायलेन्सरची नळीही पहिल्यापासून वाकवायची. जुन्याला कार्ब्युरेटर होता, त्याला पेट्रोलचा दाब पाव किलो पुरायचा. नव्याला इंजेक्शन आहे, त्याला चार किलोच्या आसपास लागतो. म्हणजे पंप नवा, पाइप नवे आणि इंजिनचं डोकं चालवणारा ईसीयू वेगळा. शिवाय रोटर आतून ऑइलनेच थंड होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा ऑइल कूलर मोठाच लागेल. त्यात काटकसर केली तर सील जळतील आणि पुन्हा तुमच्यापुढे हात पसरावा लागेल.

मारुतीचं इंजिन टाकून मोकळे का होत नाही, असंही लोक विचारतात. स्वस्त पडलं असतं, मान्य. पण मारुतीचं इंजिन लेकरं एरवीही खोलतात. आणि इंजिन बदलणं या भागाला नवं नाही. आपल्या शकुंतला रेल्वेला मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन होतं, 1994 मध्ये ते काढून डिझेलचं जोडलं. डबे तेच, रूळ तेच. तेव्हा मिस्त्री काका रजा टाकून बघायला गेले होते, ती गोष्ट वर्गाला महिन्यातून एकदा तरी ऐकावी लागते.

ही गाडी रस्त्यावर येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही, आणि तिच्या नोंदणीची मुदतही केव्हाच संपली. ती शेडमध्येच चालेल, शिकण्यापुरती. जुनं इंजिन मधोमध कापून मॉडेल करू, हाताने फिरवून बघता येईल असं. नवं चालूच झालं नाही तर त्याचंही तेच करू. या कामाने कोणाला लगेच नोकरी लागेल असं आम्ही म्हणत नाही.

एकूण खर्च दोन लाख चाळीस हजार. इंजिनाचे ऐंशी सांगितलेच. सील आणि गॅस्केट परदेशातून मागवावे लागतात, त्याचे पंचावन्न. ईसीयू आणि वायरिंगला सत्तर, उरलेले पस्तीस रेडिएटर, ऑइल कूलर आणि पेट्रोल पंपाचे. आजवर बासष्ट हजार जमले आहेत. त्यातले अकरा हजार लेकरांनी दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचून आणले, हे लिहायला ती नको म्हणत होती.

पैशाशिवायही बरंच लागतं. कोणाकडे चेनपुली पडून असेल तर दोन महिन्यांसाठी द्या, इंजिन उतरवायला हवी आहे. टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा, चांगल्या अवस्थेतला असेल तर फारच बरं. सध्या मिस्त्री काकांच्या मनगटावर भागवतो. ब्रॅकेटचं खरादकाम गावातल्या लेथवाल्याने अंगावर घेतलं आहे, लोखंड तेवढं आपण द्यायचं. बाहेरगावची सहा लेकरं दुपारी वर्गातच जेवतात. तुरी निघाल्या की पायलीभर डाळ आली तरी महिना निघेल.

प्रत्येक रुपयाची पावती मिळेल, हिशेब दर महिन्याच्या एक तारखेला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. खाते क्रमांकही तिथेच लिहिला आहे; फोनवर कोणी सांगितला तर त्यावर पैसे टाकू नका. गाडी बघायला रविवारी सकाळी 9 ते 12 या. लहान लेकरांना दिव्याचं बटण दाबू देतो. फक्त डावा दिवा हाताने उचलू नका, त्याची मोटर जळाली आहे आणि काच दोरीने बांधली आहे.

आपले,
ग्रामवाचनालय समिती व दुरुस्ती वर्ग