शिकाऊ मानसशास्त्रज्ञांच्या मुलांसाठी पाळणाघर हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीचे, म्हणजे मानसिक विकारांची तपासणी आणि उपचार शिकवणारे, एम.फिल. करते आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे, ती साताऱ्याला माझ्या आईकडे असते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्णवेळ. सकाळी वॉर्ड, मग ओपीडी, दुपारी चाचण्या, संध्याकाळी मार्गदर्शकांपुढे केस मांडायची, रात्री केस हिस्टरी लिहीत बसायचे. 80 टक्के हजेरी लागते आणि ती लागायलाच हवी. हे काम पुस्तक वाचून येत नाही. कष्टांबद्दल माझी तक्रार नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चे कलम 21 सांगते की, दाखल असलेल्या बाईच्या तीन वर्षांखालील मुलाला सहसा तिच्यापासून तोडू नये. फार चांगले कलम आहे. बाळंतपणानंतर खचलेली आई बाळ जवळ असले की कशी बोलती होते, हे मी वॉर्डात पाहिले आहे. त्याच वर्षी मातृत्व लाभ कायद्यातही दुरुस्ती झाली. 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले, आईला दिवसातून चारदा तिथे जाऊन येण्याची मुभा मिळाली. पण आम्ही पडलो विद्यार्थी, कर्मचारी नव्हे. मी चौकशी केली तेव्हा कार्यालयातून हेच उत्तर मिळाले. बाहेरचे पाळणाघर संध्याकाळी बंद होते, तेव्हा आमचे सुपरव्हिजन चालू असते. नवऱ्याची नोकरी फिरतीची. मग लेक साताऱ्याला, आणि रविवारी मी एस.टी.त.

माझ्या तुकडीत बहुतेक मुलीच आहेत. एकीने दिवस राहिल्यावर प्रशिक्षण सोडले. अतिशय हुशार मुलगी! 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, वेगवेगळ्या विकारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. अशा देशात तयार होत आलेले माणूस असे गमावणे मला सहन होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) या एम.फिल.ला 2025-26 पर्यंतच मुदत दिली होती. आता नवे अभ्यासक्रम येत आहेत. या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेने त्यांच्या मान्यतेच्या अटींतच पाळणाघर घालावे, आणि ते शिकणाऱ्या बापांच्या मुलांनाही खुले असावे. बाळंतपणासाठी थांबलेल्या मुलीला पुढच्या तुकडीबरोबर, जिथे थांबली तिथूनच, पुन्हा सुरुवात करू द्यावी. नवी फी न घेता.

– एक प्रशिक्षणार्थी, पुणे