ल्युगरला पॉलिश मारू नका

संपादक साहेब, नमस्कार. रविवारच्या पुरवणीतला जुन्या जर्मन पिस्तुलांवरचा लेख वाचला, छान होता, पण ल्युगर नवीकोरी दिसेल अशी पॉलिश करून घ्यावी हा सल्ला काही पटला नाही. इथे अमेरिकेत बरीच ल्युगर दोन्ही महायुद्धांतल्या सैनिकांनी आठवण म्हणून आणलेली, आणि कलेक्टर आधी बघतो ते नंबर, कारण जर्मन सैन्याच्या ल्युगरमध्ये, म्हणजे पी०८ मध्ये, बारीक पार्टवरसुद्धा सिरियल नंबरचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात, सगळे जुळले तर भाव, एक बदललेला निघाला की भाव खाली. आणि पॉलिश करून नवं ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा काळसर-निळा थर, चढवलं की भाव संपलाच!

म्हणून नेमबाजीच्या रेंजवर न्यायला नंबर न जुळणारी घ्यावी, जुळणारीचा एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा पार्ट) तुटला तर रडायची वेळ. गोळी झाडली की ल्युगरचा टॉगल, म्हणजे वरचा सांधा, गुडघ्यासारखा वर दुमडतो, गोळ्या फार कमजोर असल्या की तो पुरता मागे जात नाही आणि पिस्तूल अडकतं, उगाच जास्त प्रेशरच्या घातल्या तर जुनं लोखंड धोक्यात. मळ-धूळ सोसायला १९३८ ची वॉल्थर पी३८ ही दुसरी जर्मन पिस्तूल बरी, बनवायलाही स्वस्त. पण देखणी ल्युगरच, त्यात वाद नाही.

आणि हो, पी०८ ची गोळी ९ एमएमची आणि भारतात ९ एमएम प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं माप, आहे हे लेखात यायला हवं होतं, नाहीतर पोरं उगाच चौकशा करत बसतील.

– एक वाचक, टेक्सास